कुणाकडून आलं?

तालुक्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवताना एक प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला, की या पुस्तकाची सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी. मुलाला फिट येऊन गेलेली असते. ते आईच्या खांद्यावर गळून झोपलेलं असतं. मी तपासून मान वर करतो आणि सोबत आलेलं एखादं वडीलधारं माणूस विचारतं, "डॉक्टर, हे आलं कुणाकडून?" औषध कोणतं, बरं होईल का, हे सगळं नंतर. आधी घराणं शोधायचं असतं. मग बापाचा मामा फेफरं येऊन विहिरीत पडला होता, आईच्या चुलतबहिणीला आकडी यायची, अशा आठवणी निघतात. त्यातून काही हाती लागलं नाही, तर आईच्या गर्भारपणाची झडती सुरू होते. ग्रहण पाळलं नव्हतं, विळीवर भाजी चिरली होती. आई बहुतेक वेळा काहीच बोलत नाही, मुलाच्या पाठीवरून हात फिरवत राहते.

अशा घरांतली एक मुलगी मला विसरता येत नाही. पाचव्या महिन्यात, लस दिल्याच्या रात्री तिला ताप आला आणि अंगाची उजवी बाजू अर्धा तास उडत राहिली. पुढे दर तापात फिट, मग तापाशिवायही. आंघोळीचं पाणी जरा कढत झालं तरी फिट. मी तिला कार्बामाझेपिन सुरू केलं. फिट्सवरचं ते नेहमीचं, भरवशाचं औषध. फिट्स वाढल्या तशी मी मात्रा वाढवली. दीड वर्षाची असताना दुडूदुडू धावणारी, दोन-दोन शब्द जोडणारी ती पोर तिसऱ्या वर्षी चालताना अडखळू लागली आणि तिचं बोलणं जागच्या जागी थांबलं. ती अकरा वर्षांची झाल्यावर पुण्यात तिची जनुकीय तपासणी झाली. एससीएन१ए नावाच्या जनुकात बदल सापडला. आईबापांच्या रक्तात तो बदल नव्हता. औषधं बदलली, फिट्स निम्म्याहून कमी झाल्या. गेलेली वर्षं मात्र परत आली नाहीत. जे औषध तिला बाधलं, ते लिहिणारा हात माझा होता. हे पहिल्याच पानावर सांगतो, कारण अशी चूक आजही होते आणि ती टाळण्याइतकी माहिती आता मराठीत नीट सांगता येते.

त्या अहवालातल्या दोन ओळींमध्ये या पुस्तकाचा सगळा विषय आहे. मुलीच्या आजाराचं मूळ जनुकात होतं, आणि तरीही तो कुणाकडून आलेला नव्हता.

मराठीत 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. त्यातून फार नुकसान होतं. आनुवंशिक म्हणजे पिढीकडून पिढीकडे उतरलेलं. जनुकीय म्हणजे एवढंच, की पेशीला काम सांगणाऱ्या मजकुरात काही बदललेलं आहे. हा मजकूर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा असतो आणि बीज तयार होताना त्याची नक्कल उतरवली जाते. एवढ्या मोठ्या मजकुराची नक्कल करताना काही अक्षरं इकडची तिकडे होणारच. जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळात असे साठ-सत्तर नवे बदल असतात. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. ते बहुधा अशा जागी पडतात, की त्यांचा कुणाला पत्ताही लागत नाही. क्वचित एखादा मेंदूच्या कामाच्या नेमक्या ठिकाणी पडतो. बाळपणी सुरू होणाऱ्या तीव्र अपस्मारांमध्ये असे नव्याने घडलेले बदलच फार मोठ्या संख्येने सापडतात. त्यात ग्रहणाचा संबंध नाही, विळीचा नाही, सासरचा किंवा माहेरचा तर नाहीच नाही.

अर्थात सगळ्या घरांना हेच उत्तर लागू पडत नाही. काही अपस्मार खरोखर उतरत येतात. नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात फिट्स येऊन काही महिन्यांत आपोआप थांबतात, आणि आजी म्हणते की याच्या बापालाही अशाच आल्या होत्या. इथे आजीची आठवण अचूक असते. केसीएनक्यू२ या जनुकातला बदल त्या घरात चालत आलेला असू शकतो. आणखी काही आजारांत आई आणि बाप दोघेही ठणठणीत असतात, पण एकाच जनुकातला बदल दोघांकडे एकेरी असतो. तो दोघांकडूनही मुलात आला, की आजार होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. मामाच्या किंवा आत्याच्या घरात मुलगी देण्याची चाल आपल्याकडे अजून टिकून आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच बदल असण्याची शक्यता वाढते. हे सांगताना आवाज चढवायचं कारण नाही, पण सांगायला हवं. आणि शाळकरी वयातले कितीतरी सौम्य अपस्मार एका जनुकाचे नसतातच. वर्गात पाच-दहा सेकंद एकटक बघत राहणारं मूल, किंवा सकाळी उठल्यावर हातातला कप उडवणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, यांच्यात अनेक जनुकांतल्या छोट्या छोट्या गोष्टी मिळून कल तयार झालेला असतो.

अपस्मार ही व्याधी आहे हे माणसाला काही आजच कळलेलं नाही. चरकसंहितेत या आजाराला निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत, आणि नावातच स्मृती हरपण्याचं लक्षण आहे. ग्रीसमध्ये सुमारे २४०० वर्षांपूर्वी, हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथाने निक्षून सांगितलं होतं, की या आजारात दैवी असं काही नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे आणि तो घराण्यात उतरू शकतो. तरीही पुढची दोन हजार वर्षं रोग्याला भूत लागलं असंच समजलं गेलं. आपल्याकडे अजूनही पहिला फेरा देवऋषीकडे होतो आणि रस्त्यात कुणाला फिट आली, की चार माणसं चप्पल आणि कांदा शोधायला धावतात.

मुलांच्या अपस्माराच्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटणारा कागद म्हणजे १८४१ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेलं एक पत्र. ते लिहिणारे विल्यम जेम्स वेस्ट इंग्लंडमधले डॉक्टर होते आणि रोगी त्यांचा स्वतःचा मुलगा होता. तो चार महिन्यांचा असल्यापासून एकदम पुढे वाकायचा, पुन्हा सरळ व्हायचा, पुन्हा वाकायचा. एकामागून एक कितीतरी वेळा. वेस्टने जळवा लावल्या, अफू दिली, मोठमोठ्या वैद्यांना दाखवलं. काही उपयोग झाला नाही, तेव्हा इतर डॉक्टरांपैकी कुणाला काही माहीत असेल तर सांगा, म्हणून पत्र लिहिलं. आज त्या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या आया तो अगदी वेस्टसारखाच सांगतात: "झोपेतून उठला की ओळीने दचकतो." घरचे म्हणतात पोटात दुखत असेल, दात येत असतील. दिवस जातात. या आजारात दिवस फार मोलाचे असतात, कारण फिट्स चालू असेपर्यंत बाळ शिकायचं थांबतं, शिकलेलंही विसरतं. म्हणून दचकणाऱ्या बाळाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा, एवढं एक वाक्य या पुस्तकातून घराघरांत गेलं तरी मला पुरे आहे.

औषधांचा इतिहास त्या मानाने थोडक्यात आटोपतो. १८५७ मध्ये ब्रोमाइड, १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी ज्याचा फिट्सवरचा गुण हेरला ते फिनोबार्बिटोन, १९३८ मध्ये फेनिटोइन, साठच्या दशकात व्हॅल्प्रोएट. यातलं फिनोबार्बिटोन आजही आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत चालतं. या साऱ्या औषधांनी असंख्य मुलं सावरली, पण ती आजाराच्या मुळाकडे पाहून शोधलेली नव्हती. फिट दबते का, एवढीच कसोटी होती.

मुळाकडे पाहण्याच्या वाटा निरनिराळ्या होत्या आणि त्या वाटांनी जाणाऱ्यांचं एकमेकांशी फारसं पटत नसे. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज कागदावर उतरवल्याचं जाहीर केलं आणि ईईजीच्या रेषा वाचणारी एक परंपरा उभी राहिली. फ्रान्समध्ये मार्सेय इथे ती विशेष बहरली. मुलाचं वय, फिटचा प्रकार, रेषांचा आकार यांची नीट सांगड घालून आजारांना ओळख द्यायची, ही त्यांची पद्धत. तिथेच काम करणाऱ्या शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ मध्ये एक आजार वेगळा काढला: पहिल्या वर्षात तापाबरोबर सुरू होणारा, आधी चांगल्या वाढणाऱ्या मुलाला मागे खेचणारा. माझ्या दवाखान्यातल्या मुलीला हाच आजार होता. दुसरी परंपरा शस्त्रक्रियावाल्यांची. मेंदूतला नेमका व्रण किंवा चुकीची घडण शोधायची आणि ती काढून टाकायची. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने १९९५ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. तिसरी परंपरा बॉस्टनच्या विल्यम लेनॉक्स यांच्यासारख्यांची. ते जुळ्या भावंडांचा अभ्यास करत होते आणि अपस्मारात रक्ताचं नातं काय करतं हे मोजत होते. त्या काळी हे अवघड काम होतं, कारण वंशशुद्धीच्या नावाखाली कित्येक देशांत अपस्माराच्या रुग्णांची सक्तीने नसबंदी केली जात होती. घराण्याचं नाव घेतलं, की डाग लागायचा. तो डाग आपल्या कायद्यातही उतरला होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणाऱ्या अपस्माराचा समावेश लग्नाच्या आड येणाऱ्या कारणांत झाला. तो शब्द काढायला १९९९ उजाडावं लागलं.

जनुकांचं दार उघडलं ते १९९५ मध्ये. झोपेत फिट्स येणाऱ्या एका मोठ्या ऑस्ट्रेलियन कुटुंबात अपस्माराचं पहिलं जनुक हाती लागलं. त्यानंतर बेल्जियमच्या संशोधकांनी २००१ मध्ये द्राव्हे सिंड्रोमच्या सात मुलांचं रक्त तपासलं. सातही जणांमध्ये एससीएन१ए जनुक बदललेलं निघालं, आणि सातही जणांत तो बदल नवा होता, आईबापांत नसलेला. माझ्या मते मुलांच्या अपस्माराच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी कलाटणी आहे. घराण्याचा शोध घेत निघालेल्या विज्ञानालाच कळलं, की पुष्कळदा घराण्यात काही नसतं.

तिथून आणखी एक गाठ सुटली. लस दिल्यावर मेंदूला इजा झाली, असं निदान झालेली मुलं जगभर होती. ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युअल बेर्कोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४ जणांची जनुकं तपासून २००६ मध्ये निष्कर्ष छापला: १४ पैकी ११ जणांमध्ये एससीएन१एचा बदल होता. लसीने ताप आला, तापाने पहिली फिट दिसली. आजार जन्मापासूनच होता. माझ्या दवाखान्यातल्या त्या मुलीच्या आजोबांनी लस टोचायला नेणाऱ्या सुनेला वर्षानुवर्षं बोल लावला होता. घरातल्या पुढच्या दोन नातवंडांना त्यांनी लस देऊ दिली नाही. या एका संशोधनाची बातमी त्या घरात वेळेवर पोचली असती, तर काय काय वाचलं असतं याचा हिशेब मी अजून करत असतो.

आता औषध का उलटलं ते सांगतो, कारण जनुक कळल्याने उपचार बदलतो म्हणजे काय हे इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. मेंदूतल्या पेशी सोडियमच्या सूक्ष्म दारांमधून वीज पुढे पाठवतात. काही पेशी दुसऱ्यांना उठवतात, काही दुसऱ्यांना थोपवतात. घाट उतरणाऱ्या ट्रकचा ब्रेक म्हणजे या थोपवणाऱ्या पेशी. एससीएन१ए जनुकापासून बनणारी दारं मुख्यतः ब्रेकच्या पेशींमध्ये असतात. द्राव्हे सिंड्रोममध्ये ती निम्मीच उरतात, ब्रेक ढिला पडतो. कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियमची दारं बंद करतात. म्हणजे ब्रेकची उरलेली ताकदही आपण काढून घेतो. पण शेजारच्या एससीएन२ए जनुकाची गोष्ट उलटी आहे. त्यातल्या एका प्रकारच्या बदलाने दारं जास्त वेळ उघडी राहतात, बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फिट्स येतात, आणि तिथे हीच औषधं गुण देतात. त्याच जनुकातल्या दुसऱ्या प्रकारच्या बदलाने दारं निकामी होतात, फिट्स उशिरा सुरू होतात, आणि हीच औषधं अपाय करतात. म्हणून नुसतं जनुकाचं नाव कळून भागत नाही; बदलाने त्याचं काम वाढलं की घटलं, हेही कळावं लागतं.

काही ठिकाणी मात्र नाव कळलं, की वाट लगेच दिसते. एएलडीएच७ए१ जनुकातल्या बदलाने होणारा अपस्मार फिट्सच्या कुठल्याही महागड्या औषधाला दाद देत नाही. तो ब६ जीवनसत्त्वाने आटोक्यात येतो. ही गोळी कोणत्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते आणि जन्मभर घ्यावी लागते. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग असतात. घरचे कोड समजून घाबरतात, पण डॉक्टरसाठी तो डाग म्हणजे निदानाची खूण असते. तिथल्या दचकण्याच्या फिट्सना व्हिगाबॅट्रिन विशेष लागू पडतं. पीओएलजी जनुकात बदल असेल, तर व्हॅल्प्रोएटसारखं सर्रास दिलं जाणारं औषध यकृत निकामी करू शकतं. आणि ग्लूट१ नावाच्या प्रथिनाची उणीव असलेल्या मुलांच्या मेंदूपर्यंत साखरच नीट पोचत नाही. त्यांना दुसरं इंधन द्यावं लागतं. ते इंधन स्निग्ध पदार्थांपासून तयार होतं.

हे इंधन पुरवणारा कीटोजेनिक आहार १९२१ मध्ये अमेरिकेत सुचवला गेला. तो मराठी स्वयंपाकघरात कसा उतरतो, हे मी एका घरात ओट्याशेजारी उभं राहून पाहिलं आहे. आई ग्रॅमच्या काट्यावर तूप मोजत होती. ताटात भात नाही, पोळी नाही. अंड्याची पोळी लोण्यात बुडालेली, शेजारी खोबरं, जाड साय, मूठभर मेथी. खोकल्याचं औषध साखर नसलेलं हवं, सत्यनारायणाचा प्रसाद चालणार नाही, शाळेत मित्राच्या वाढदिवसाचं चॉकलेट परत करायचं. चार वर्षांचा मुलगा दारात उभा राहून भावाच्या ताटातल्या वरणभाताकडे बघत होता, आणि आई त्याच्याकडे पाठ करून काट्यावरचे आकडे वहीत लिहीत होती. या आहाराला उपचार म्हणताना त्या वहीची आठवण ठेवावी, अशी माझी डॉक्टर मंडळींना विनंती आहे. तो घरी मनाने सुरू करू नये, हेही तितकंच खरं. काही जनुकीय आजारांत तो जिवावर बेतू शकतो.

नवी औषधंही आली आहेत. द्राव्हेसाठी स्टिरिपेंटॉल, भांगेच्या झाडातून काढलेलं पण नशा न आणणारं कॅनाबिडिऑल, फेनफ्लुरामिन. सीएलएन२ या झिजेच्या आजारात जे एन्झाइम तयार होत नाही ते दर दोन आठवड्यांनी थेट मेंदूच्या पोकळीत सोडण्याचा उपचार २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. जनुकाचं उरलेलं काम वाढवणाऱ्या रेणूंच्या चाचण्या द्राव्हेच्या मुलांवर सुरू आहेत. यातलं बरंचसं आपल्याकडच्या सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. २०२१ च्या दुर्मीळ आजारांविषयीच्या राष्ट्रीय धोरणाने दार किलकिलं केलं, पण आईबापांना अजूनही मदतीसाठी दारोदार फिरावं लागतं. याची मला चीड आहे आणि ती या पुस्तकात जागोजाग दिसेल.

तरीही जनुकांच्या उत्साहात एक गोष्ट निसटू नये. आपल्याकडे मुलांच्या फिट्सची मोठी कारणं अजूनही जन्मताना गुदमरणं, नवजात बाळाची साखर किंवा कॅल्शियम उतरणं, मेंदूज्वर आणि मेंदूतल्या जंताच्या गाठी ही आहेत. ती आधी पाहायची. साध्या तापात एखादी फिट आलेल्या मुलाची जनुकं तपासायची गरज नसते. तपासणी करावी ती कोवळ्या वयात सुरू झालेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या, वाढ खुंटवणाऱ्या आजारात. तिथेही साधारण तिघांतल्या एकालाच पक्कं उत्तर मिळतं. काही अहवालांत बदल सापडतो, पण तो आजाराचा की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. जगातली जनुकीय माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने आपल्या मुलांच्या वाट्याला असे अधांतरी अहवाल जास्त येतात. दहा हजार भारतीयांची जनुकं वाचणारा 'जीनोम इंडिया' प्रकल्प म्हणूनच महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांमुळे इथले बदल इथेच शोधावे लागतात.

हे पुस्तक आईबापांसाठी आहे, तसंच गावातल्या फॅमिली डॉक्टरसाठी, आशाताईंसाठी आणि वर्गात मुलाला फिट आल्यावर गांगरून जाणाऱ्या गुरुजींसाठी आहे. म्हणून ते जनुकापासून सुरू न होता फिटपासून सुरू होतं: मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटं उलटली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा वापरा आणि दवाखाना गाठा. निदानाची, उपचाराची, पुढच्या बाळंतपणाच्या निर्णयाची चर्चा त्यानंतर येते. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. लिहिणाऱ्यांत डॉक्टर आहेत, जनुकीय समुपदेशक आहेत आणि चार आया आहेत.

त्यातल्या एका आईने पूर्ण हस्तलिखित वाचलं. ती त्याच मुलीची आई. अहवाल आला तेव्हा तिने मला एकच गोष्ट मागितली होती: सासूबाई आणि मामंजी समोर असताना तो मोठ्याने वाचून दाखवा. मी वाचला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मग उठून त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. हस्तलिखित परत आलं तेव्हा त्यात जिथे जिथे आम्ही 'जनुकातला दोष' लिहिलं होतं, तिथे तिने पेन्सिलीने 'दोष' खोडून 'बदल' केलं होतं. छापताना आम्ही तिचाच शब्द ठेवला आहे.